बर्फावर चढलेला चुनखडक



एका भूगोल-शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मी आज एका भूवैज्ञानिकाविषयी बोलणार आहे. पॉल हॉफमन हे त्यांचे नाव. १९४१ साली कॅनडात त्यांचा जन्म झाला. उमेदीची वर्षे त्यांनी कॅनडाच्या उत्तरेकडच्या निर्मनुष्य मुलखात खडकांचे नकाशे करण्यात घालवली आणि पन्नाशी ओलांडल्यावर ते आफ्रिकेतल्या नामिबियात गेले. तिथे दोन खडकांमधल्या एका रेषेवर त्यांची नजर खिळली. रेषेच्या खाली हिमनद्यांनी आणून टाकलेला दगडगोट्यांचा गाळ, वर उबदार समुद्रात साचणारा चुनखडक, आणि मधे काहीच नाही. ही रेषा त्यांच्याआधी कितीतरी जणांनी पाहिली होती, वहीत टिपली होती आणि विचित्र म्हणून बाजूला ठेवली होती. हॉफमन यांनी ती बाजूला ठेवायला नकार दिला. जिथे गोष्टी जुळत नाहीत तिथेच उत्तर दडलेले असणार, असे धरून ते चालले. माझे आजचे सगळे म्हणणे या एका रेषेबद्दल आहे.

पण नामिबियाला जाण्याआधी विदर्भात जाऊ. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला, पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातले फ्रान्सिस फेडन यांना तिथे चुनखडकाचा एक पृष्ठभाग उघडा पडलेला दिसला. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर ओरखडे व खाचा उमटलेल्या होत्या. त्याच्या वर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला गाळाचा थर होता. १८७५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. असे ओरखडे, पोटाशी दगड धरून सरकत जाणारा बर्फ उठवतो. ओडिशातल्या तालचेरच्या कोळसाक्षेत्रात याच विभागातले ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ सालीच अशाच थरामागे बर्फाचा हात असावा असे सुचवले होते. पण उन्हाने भाजून निघणाऱ्या या देशात बर्फ कुठला, म्हणून ते पुष्कळांना पटायला जड गेले. इरईच्या चुनखडकाने साक्ष दिल्यावर शंकेला फारशी जागा उरली नाही.

पुढे खंड सरकतात हे कळले आणि कोडे सुटले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. बर्फ विदर्भात आला नव्हता, विदर्भच बर्फाच्या प्रदेशात होता. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडच्या त्या काळच्या हिमखुणा याच हिशेबाने जागच्या जागी बसल्या. उष्ण देशात जुन्या हिमनदीच्या खुणा सापडल्या तर तो देश मागे ध्रुवाकडे सरकवून पाहायचा, ही भूवैज्ञानिकांची रीतच झाली.

एका काळासाठी मात्र ही रीत चालेना. तो काळ तालचेरच्या दुपटीहून जुना, साधारण ६३ ते ७२ कोटी वर्षांपूर्वीचा. केंब्रिजचे ब्रायन हारलंड स्वालबार्ड बेटांवर आणि ग्रीनलंडमध्ये काम करत होते. या काळातले हिमगाळाचे थर जवळजवळ प्रत्येक खंडावर आहेत, याकडे त्यांनी १९६४ साली लक्ष वेधले. सगळेच खंड एकाच वेळी ध्रुवाजवळ कसे असतील? शिवाय यातले बरेच थर चुनखडकांच्या संगतीत होते. खाली चुनखडक, मधे हिमगाळ, वर पुन्हा चुनखडक.

ही संगत का खटकते, हे सांगायला चुनखडकाचे रसायन थोडे उलगडायला हवे. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यात मॅग्नेशियम आले की डोलोमाइट. या दोन्हींना मिळून कार्बोनेट खडक म्हणतात. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढले की कार्बोनेट विरघळते. वायू निघून गेला की ते साक्यासारखे खाली बसते. सोड्याची बाटली उन्हात ठेवली की वायू भराभर सुटतो, गार असली की टिकून राहतो, समुद्राचेही तसेच. थंड पाणी वायू धरून ठेवते, म्हणून तिथे कार्बोनेट साचणे अवघड. उबदार, उथळ पाण्यात ते सहज साचते. आज बहामा बेटांभोवती आणि इराणच्या आखातात कार्बोनेटचा पांढरा गाळ साचताना दिसतो, आर्क्टिकच्या किनाऱ्यावर त्या थाटात तो साचत नाही. घरी पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तो याच रसायनाचा.

म्हणून भूवैज्ञानिकाला जाड चुनखडक दिसला की तो ‘ऊब’ म्हणून नोंद करतो आणि हिमगाळ दिसला की ‘थंडी’. आणि इथे हे दोन्ही एकमेकांना चिकटलेले, एकावर एक. हिमगाळ संपतो त्याच पातळीवर फिकट गुलाबी किंवा पिवळसर डोलोमाइट सुरू होतो. मधे झीज झाल्याची खूण नाही, हवामान हळूहळू बदलल्याचा पुरावा नाही. त्याची जाडी कुठे काही मीटर, कुठे काही दशक मीटर. हिमगाळावर टोपी घातल्यासारखा बसतो म्हणून त्याला कॅप कार्बोनेट हे नाव पडले. ऑस्ट्रेलियात, चीनमध्ये, कॅनडात, ब्राझीलमध्ये, ओमानमध्ये तो आहे. आपल्याकडेही आहे, त्याच्याकडे मी शेवटी येईन.

हारलंड यांच्या म्हणण्यावर एक आक्षेप उभाच होता. हे थर साचले तेव्हा ती भूमी खरोखर विषुववृत्ताजवळ होती कशावरून? याचे उत्तर खडकातल्या चुंबकत्वात असते. गाळातले लोहकण साचताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि तसेच घट्ट होतात. ध्रुवाजवळ ती दिशा जमिनीत खोल उतरते, विषुववृत्तावर जमिनीला समांतर राहते. पण हे चुंबकत्व नंतर कधी पुसले जाऊन नव्याने बसलेले नाही, हे दाखवावे लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलाटिना नावाच्या थरांवर १९८० च्या दशकात हे काम झाले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले जोसेफ कर्शविंक यांना विषुववृत्तावरच्या हिमनद्यांचा दावा मुळीच पटत नव्हता, म्हणून त्यांनी तो तपासायला घेतला. एलाटिनाच्या थरात गाळ अजून ओला असतानाच पडलेल्या लहान घड्या आहेत. त्यातली चुंबकीय दिशा घडीबरोबर वळलेली निघाली. म्हणजे चुंबकत्व घडीच्या आधीचे, जवळजवळ गाळाइतकेच जुने. आणि त्यातून निघणारा अक्षांश विषुववृत्तापासून काही अंशांवरचा. समुद्रसपाटीला, विषुववृत्तालगत, हिमनदी. खंड सरकवून सुटण्याची वाट इथे बंद झाली.

मग उरते ते एकच: सबंध पृथ्वीच गोठली होती. लेनिनग्राडचे हवामानशास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी १९६९ साली याचे गणित मांडले होते. मोकळा समुद्र त्याच्यावर पडलेल्या उन्हातला फार थोडा भाग परतवतो; ताजा बर्फ ८० टक्क्यांहून अधिक परतवतो. बर्फ वाढला की ऊन कमी शोषले जाते, थंडी वाढते, बर्फ आणखी वाढतो. ध्रुवाकडून येणारा बर्फ एका ठरावीक अक्षांशापलीकडे आला की ही साखळी थांबत नाही. तो थेट विषुववृत्तापर्यंत जातो. आणि एकदा गोठलेली पांढरी पृथ्वी इतके ऊन परतवून लावते की ती पुन्हा वितळायची कशी? त्या गणितात सुटका नव्हती. आणि आपण तर इथे आहोत, समुद्र वाहत आहेत. त्यामुळे असे कधी घडलेच नसणार, असा निष्कर्ष निघे.

सुटकेची वाट कर्शविंक यांनी दाखवली. १९९२ साली एका जाडजूड ग्रंथातल्या अगदी छोट्या लेखात ती आली आणि ‘स्नोबॉल अर्थ’ हे नावही त्याच लेखाने रूढ केले. मी तिला हिमगोल पृथ्वी म्हणेन. बर्फाखाली ज्वालामुखी थांबत नाहीत, ते कार्बन डायऑक्साइड ओकतच राहतात. एरवी हा वायू पावसाच्या पाण्यातून जमिनीवर येतो, सौम्य आम्ल होऊन खडक झिजवतो, नद्यांवाटे समुद्रात जातो आणि तिथे चुनखडक होऊन बसतो. पण गोठलेल्या पृथ्वीवर पाऊस नाही, उघडा खडक नाही, झीज नाही. वायू येत राहतो, जायला जागा नाही. लक्षावधी वर्षे तो हवेत साचत जातो आणि शेवटी त्याची ऊब बर्फाच्या परतावणीवर मात करते. किती साचावा लागेल? केन कॅल्डिरा आणि जेम्स कास्टिंग यांनी त्याच वर्षी केलेल्या हिशेबानुसार आजच्या कितीतरी शेकडो पट.

या टप्प्यावर हॉफमन कथेत येतात. त्यांची तयारी काय होती, हे सांगायला हवे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क उपसागरात आजही सूक्ष्मजीवांचे थर चुना धरून वाढतात. १९७० च्या दशकात हॉफमन यांनी ते अभ्यासले आणि त्याच नजरेने कॅनडातले जवळजवळ २०० कोटी वर्षे जुने कार्बोनेट खडक वाचले. उत्तर अमेरिका खंड जुन्या लहान भूखंडांची जुळणी होऊन कसा बनला, यावरचा त्यांचा १९८८ सालचा निबंध आजही वाचला जातो. म्हणजे चुनखडकाची बारकी नजर आणि खंडांच्या हालचालीची मोठी नजर, दोन्ही एकाच माणसात होत्या. ते धावपटूही होते. १९६४ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये नववे आले होते. हा तपशील मी शोभेसाठी देत नाही. हॉफमन यांचे भूविज्ञान पायांनी केलेले आहे. एकच थर शेकडो किलोमीटर पायी पाठलाग करून पाहायचा, प्रत्येक घळीत पुन्हा मोजायचा, ही त्यांची कामाची पद्धत. नामिबिया १९९० साली स्वतंत्र झाला, १९९३ पासून हॉफमन तिथे जाऊ लागले आणि पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले.

नामिबियाचा वायव्य भाग कोरडा आहे. झाडोरा विरळ, माती जवळजवळ नाही, खडक उघडेबोडके. ओटावी गटाचे कार्बोनेट थर तिथे डोंगरच्या डोंगर भरून आहेत. त्यातल्या घाउब नावाच्या हिमगाळात बारीक थरांमध्ये अचानक एखादा मोठा दगड रुतलेला दिसतो. त्याच्या खालचे थर दबलेले, वरचे त्याच्यावरून वळसा घालून गेलेले. तरंगत्या बर्फातून सुटून तळाच्या चिखलात पडल्याखेरीज असा दगड तिथे येऊ शकत नाही. आणि हे दगड बहुतांशी चुनखडक आणि डोलोमाइटचेच: हिमनद्यांनी उबदार समुद्रात साचलेला खालचाच खडक खरवडून काढलेला. मग एका पातळीवर हे दगड बंद होतात. त्याच पातळीवर फिकट डोलोमाइट सुरू होतो आणि त्याच्यावर मायबेर्ग या नावाचे शेकडो मीटर जाडीचे चुनखडकाचे थर चढत जातात. त्या थरांत समुद्रतळावर थेट वाढलेले, पंख्याच्या आकाराचे स्फटिक आहेत. असे स्फटिक तळावर उगवायचे तर पाणी कार्बोनेटने तुडुंब भरलेले असावे लागते. खालच्या डोलोमाइटमध्ये लाटांनी घडवलेले उंच, टोकदार वरंबे आहेत. फार मोठ्या आणि संथ लाटांखेरीज ते बनत नाहीत.

हॉफमन यांनी हार्वर्डमधले तरुण समुद्र-रसायनज्ञ डॅनियल श्राग यांच्यासमोर हे सगळे मांडले. दोघांच्या चर्चेतून ती रेषा बोलू लागली. कर्शविंक म्हणतात तसा वायू शेकडो पट साचला असेल, तर बर्फ वितळल्यावर तो एका रात्रीत नाहीसा होणार नाही. पांढरेपण गेले, वायू मात्र हवेतच, म्हणजे पृथ्वी थंडीतून थेट भट्टीत. धो धो पाऊस, तोही आम्लाचा. जमिनीवर हिमनद्यांनी दळून ठेवलेले खडकाचे पीठ पसरलेले. आम्लाने ते भराभर विरघळणार, नद्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम समुद्रात ओतणार, आणि तापलेल्या समुद्रात कार्बोनेट थरावर थर बसणार. हिमगाळाच्या डोक्यावर लगेच चुनखडक येणे हे विचित्र नव्हते. हिमयुग ज्या कारणाने संपले, त्याच कारणाने तो चुनखडक साचला. ज्याला अडचण समजत होते तेच स्पष्टीकरण निघाले.

मला स्वतःला या कल्पनेत सर्वांत मोलाचे वाटते ते असे. एरवी दोन थर एकमेकांशी जुळत नसले की आपण एकाचे वाचन चुकले असे म्हणतो: हा हिमगाळ नसून समुद्रात घसरलेला मलबा असेल, किंवा हा चुनखडक थंड पाण्यातलाही असू शकेल. दोन्ही सबबी वर्षानुवर्षे दिल्या गेल्या होत्या. हॉफमन यांनी दोन्ही थर जसे आहेत तसे मानले आणि दोन्ही एकत्र खरे असतील तर काय घडले असले पाहिजे, असे विचारले. असे विचारायला अभ्यासाबरोबर धाडसही लागते, कारण उत्तर सगळ्या पृथ्वीला गोठवणारे होते.

आणखी एक पुरावा कार्बनच्या समस्थानिकांचा. कार्बन-१२ आणि त्याहून जड कार्बन-१३. शेवाळ आणि वनस्पती हलका कार्बन अधिक पसंत करतात. ते तळाशी गाडले गेले की समुद्रात जड कार्बनचे प्रमाण वाढते आणि तिथे साचणाऱ्या चुनखडकात ते नोंदले जाते. सजीवसृष्टी मंदावली तर हे प्रमाण घसरून ज्वालामुखीतून येणाऱ्या कार्बनच्या जवळ जाते. नामिबियाच्या हिमगाळाच्या खाली आणि वर अगदी हीच घसरण दिसली. ॲलन कॉफमन, गॅलन हाल्व्हर्सन, श्राग आणि हॉफमन यांचा निबंध ऑगस्ट १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला आणि भूविज्ञानात वादळ उठले.

या वादाचा मला आदर वाटतो, म्हणून थोडे त्यात थांबतो. पहिला आक्षेप जीवसृष्टीचा: समुद्र एक किलोमीटर जाड बर्फाखाली असता तर प्रकाशावर जगणारे शेवाळ तगले कसे? हवामानाची प्रतिकृती चालवणाऱ्या विल्यम हाइड, टॉमस क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली सुचवले की विषुववृत्ताभोवती मोकळ्या पाण्याचा पट्टा उरला असेल. यावर हॉफमन यांचे उत्तर त्या रेषेकडेच बोट दाखवणारे होते. पट्टा मोकळा असेल तर पाऊस असेल, झीज असेल, वायू शेकडो पट साचणारच नाही. मग बर्फ हळूहळू मागे हटेल आणि कॅप कार्बोनेट बनायला कारणच राहणार नाही. म्हणजे ती टोपीच पूर्ण गोठण्याचा पुरावा. मला हा युक्तिवाद आजही सर्वांत भक्कम वाटतो.

दुसरा आक्षेप मार्टिन केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००१ सालचा: तळाच्या चिखलात गोठून राहिलेला मिथेन बर्फ वितळताना सुटला आणि त्यातून कॅप कार्बोनेट बनले. मिथेनमधला कार्बन अतिशय हलका असतो. दक्षिण चीनच्या टोपीत काही ठिकाणी तसा कार्बन सापडलाही. पण २०११ साली तो नंतर भेगांतून शिरलेल्या उष्ण पाण्याने बसवलेला असल्याचे दाखवले गेले. कार्बोनेट खडकाचा हा मोठा धोका: तो नोंद ठेवतो तसाच नंतर सहज बदलतोही. त्याचे प्रत्येक वाचन पुन्हा पुन्हा तपासावेच लागते.

तिसरा आक्षेप ओमानच्या हिमगाळावर काम केलेल्या फिलिप ॲलन यांचा. हिमगाळाच्या थरांमध्येच त्यांना लाटांच्या खुणा दिसल्या, म्हणजे पाणी कधीतरी मोकळे होते. २००८ साली जेम्स एटिएन यांच्यासह त्यांनी ही हरकत ठामपणे मांडली. लाटांनी घडवलेल्या ज्या वरंब्यांचा मी मघाशी उल्लेख केला, त्यांच्यावरचा २००५ सालचा निबंध मात्र ॲलन आणि हॉफमन यांनी एकत्र लिहिलेला आहे. असे वरंबे घडवणाऱ्या लाटा उठायला सेकंदाला २० मीटरहून अधिक वेगाचे वारे सतत वाहत असले पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. मतभेद असताना एका दगडापुढे एकत्र बसून काम करणाऱ्या या दोघांबद्दल मला फार आदर आहे.

वादाचा निकाल युक्तिवादांपेक्षा तारखांनी पुढे सरकवला. पूर्ण गोठण्याची कल्पना खरी असेल तर दोन गोष्टी घडायला हव्यात. हिमयुग सर्वत्र एकाच वेळी संपले पाहिजे, आणि वायू साचायला लागेल इतके ते लांबले पाहिजे. ज्वालामुखीच्या राखेतल्या झिर्कॉन स्फटिकांत युरेनियमचे शिसे होत जाते, त्यावरून वय काढतात. नामिबियात घाउबमधल्या राखेचे वय २००४ साली ६३ कोटी ५५ लाख वर्षे आले. पुढच्याच वर्षी चीनमध्ये कॅप कार्बोनेटमधल्या राखेचे वय ६३ कोटी ५२ लाख. दोन खंडांवरच्या दोन तारखा मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत जुळल्या. त्याआधी असेच आणखी एक मोठे हिमयुग येऊन गेले होते; ते सुमारे ७१ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी सुरू होऊन ६६ कोटी वर्षांपूर्वी संपले, असेही आता ठरले आहे. जवळजवळ पावणेसहा कोटी वर्षे. नेहमीची हिमयुगे हजारो वर्षांत येतात-जातात; इतका काळ अडकून पडायला पृथ्वी त्या पांढऱ्या सापळ्यातच असावी लागते. शिवाय २००८ साली ह्युमिंग बाओ यांनी हिमयुगानंतरच्या बेराइट या खनिजातल्या ऑक्सिजनवरून त्या वेळी हवेत कार्बन डायऑक्साइड अतिशय जास्त होता, असे स्वतंत्रपणे दाखवले.

२००४ साली भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एडिएकरन या नव्या कालखंडाला मान्यता दिली. त्याची सुरुवात कुठे धरली? दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स पर्वतरांगेत, एका ओढ्याच्या काठी, कॅप कार्बोनेटच्या पायथ्याशी. हॉफमन ज्या रेषेचा पाठलाग करत होते, तीच आता काळाची अधिकृत सीमा आहे. २०२४ साली त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला.

एक प्रश्न राहतो: गोठणे सुरू कशाने झाले? इथे आपली महाराष्ट्राची जमीन कामी येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आपल्या पायाखाली आहे, आणि बेसाल्ट इतर सिलिकेट खडकांपेक्षा लवकर झिजतो, विशेषतः उष्ण आणि पावसाळी हवेत. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या आणि सह्याद्रीतल्या नद्यांचे पाणी तपासून ही झीज मोजली आहे. सह्याद्रीवर पडणारा प्रत्येक पावसाळा हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड दगडाला भेटवतो आणि समुद्राकडे पाठवतो. आता ७१ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीकडे पाहा. जवळजवळ त्याच काळात आजच्या उत्तर कॅनडात अफाट लाव्हा पसरला होता आणि ती भूमी तेव्हा विषुववृत्ताजवळ होती. ताजा बेसाल्ट, भरपूर पाऊस. हवेतला वायू ओढला गेला, पृथ्वी थंडावली, बर्फ बुडिकोंच्या अक्षांशापर्यंत पोहोचला. ही मांडणी अजून पुरी सिद्ध नाही, पण तारखा जवळ येत चालल्या आहेत. खडकांची झीज पृथ्वीचे तापमान सांभाळते हे खरे. मात्र तिचा वेग लाखो वर्षांचा आहे. औद्योगिक काळाआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० होता, आज ४२० च्या वर आहे, आणि ही वाढ अवघ्या अडीचशे वर्षांची. आपल्या पिढ्यांना वाचवायला सह्याद्रीची झीज वेळेवर पोहोचणार नाही. हे मला अत्यंत काळजीचे वाटते, आणि ही काळजी मी लपवू इच्छित नाही.

आता शेवटी आपल्याकडच्या टोपीविषयी. कालकाहून सिमल्याला जाणारी रेल्वे सोलनवरून जाते. त्या भागात हिमालयाच्या बाहेरच्या रांगेत ब्लैनी नावाचा दगडगोट्यांचा हिमगाळ आहे आणि त्याच्या डोक्यावर फिकट गुलाबी डोलोमाइटचा पातळ थर. हेच थर पुढे मसुरी आणि नैनितालपर्यंत जातात. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी त्यांना नावे दिली. पुढे बराच काळ ब्लैनीला तालचेरचा, म्हणजे आपल्या इरईच्या हिमगाळाचा, समकालीन मानले जाई. दोन्हींत गोटे, दोन्हींत बर्फ. पण तालचेरच्या हिमगाळावर कोळशाचे थर येतात, डोलोमाइटची टोपी नाही. ध्रुवाजवळच्या साध्या हिमयुगातून बाहेर पडलेल्या भूमीवर दलदली आणि जंगले आली. हिमगोलातून बाहेर पडलेल्या पृथ्वीवर चुनखडक आला. त्या गुलाबी थरामुळे आणि त्यातल्या कार्बनमुळे आज ब्लैनीची सांगड नामिबिया आणि ऑस्ट्रेलियाशी घातली जाते. 

या गुलाबी थरात आजचा एक अनुत्तरित प्रश्न आहे. बर्फ वितळण्याचे भौतिकशास्त्र सांगते की समुद्र काही हजार वर्षांत मोकळा झाला असावा, आणि टोपीही त्याच वेगाने साचली असावी. पण ब्राझील आणि ओमानमधल्या कॅप कार्बोनेटमध्ये चुंबकीय दिशा उलटसुलट झालेली आढळते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटायला हजारो वर्षे लागतात, आणि असे अनेकदा घडायचे तर लाखो. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. की टोपीतले चुंबकत्व नंतर बसले? की त्या काळी क्षेत्र फार भराभर उलटत होते? की टोपी खरोखरच संथ साचली, आणि मग हॉफमन आणि श्राग यांच्या हिशेबातला एखादा दुवा बदलावा लागेल? याचे उत्तर मिळवायला हा थर बोटाबोटाच्या अंतराने, अनेक घळींमधून, तळापासून माथ्यापर्यंत नमुने घेऊन मोजायला हवा. सोलनच्या परिसरात तो रस्त्यांच्या कडेला उघडा आहे, आणि खडकांतले चुंबकत्व मोजणारी भारतीय भूचुंबकत्व संस्थेची प्रयोगशाळा नवी मुंबईत पनवेलजवळ आहे. या सभागृहात भूविज्ञानाचे विद्यार्थी बसले आहेत. पावसाळा संपल्यावर तिथल्या ब्लैनी नदीचे पाणी उतरते. त्या वेळी कोणी तिकडे जाणार असेल तर नकाशे आणि जुने अहवाल माझ्याकडून न्यावेत.